बाई, उजळलाव की!

कॅन्सरच्या पेशंटला लोक काय म्हणतात ते साधारण ठरलेलं असतं. काळजी घ्या, धीर सोडू नका, शास्त्र हल्ली फार पुढं गेलंय. माझ्या वाट्याला यातलं फारसं काही येत नाही. मला म्हणतात, "बाई, लई उजळलाव की!" सोलापूरच्या लक्ष्मी मंडईत भाजीवाली म्हणते, लग्नाच्या मांडवात नात्यातल्या बायका म्हणतात, आणि शाळेतली एक जुनी विद्यार्थिनी तर मी कोणतं क्रीम लावते ते विचारून गेली.

क्रीम नाही, गोळी आहे. इमॅटिनिब, ४०० मिलिग्रॅम, दुपारच्या जेवणानंतर एक. त्वचेतल्या रंगपेशींना किट नावाचं एक प्रथिन लागतं आणि ही गोळी नेमकं तेच बंद पाडते, म्हणून गव्हाळ, सावळ्या माणसाचा रंग उतरतो. शिवाय पापण्यांना सूज येते, त्यामुळे डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या भरून निघतात. दोन्ही मिळून मी लांबून पाहणाऱ्याला पाच-सात वर्षांनी लहान दिसते. सावळी म्हणून माझं लग्न जमवताना आईला जे काय ऐकून घ्यावं लागलं होतं, त्याची भरपाई अशी यकृतातल्या गाठींबरोबर व्हावी, याचं कधी हसू येतं, कधी नाही.

आजाराचं पूर्ण नाव गॅस्ट्रोइंटेस्टायनल स्ट्रोमल ट्यूमर. सगळे जिस्ट म्हणतात. जठर, आतडं, थोडक्यात अन्ननलिकेपासून गुदद्वारापर्यंत कुठंही होऊ शकतो. निम्म्याहून जास्त वेळा जठरात, त्याखालोखाल लहान आतड्यात. पोटाचा नेहमीचा कॅन्सर आतल्या अस्तरात उगवतो. हा अस्तराखाली, भिंतीच्या स्नायूंच्या थरात उगवतो. एवढ्याशा फरकानं सगळंच बदलतं: तो सापडायचा कसा, कापायचा कसा, औषध कोणतं, आणि पेशंटनं दिसायचं कसं हेसुद्धा.

माझं सुरू झालं थकव्यानं. पन्नाशीतली शिक्षिका थकली तर कोणाला नवल वाटत नाही, तिचं तिलाही वाटत नाही. वर्गात खडू धरून उभं राहिलं की धाप लागायची. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन सहाच्या घरात. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. आता गंमत अशी, की जठरात थोडं थोडं रक्त झिरपत असलं तर शौच काळं होतं, आणि लोहाच्या गोळ्या घेतल्या तरी ते काळंच होतं. म्हणजे खूण समोर होती आणि तिच्यावर आम्हीच पांघरूण घातलं होतं. हे पुढं एका तरुण डॉक्टरच्या लक्षात आलं. त्यानं गोळ्या थांबवल्या, चार-सहा दिवस वाट पाहिली, आणि एंडोस्कोपी करायला पाठवलं.

एंडोस्कोपीत जठराच्या आतल्या बाजूला गुळगुळीत फुगवटा दिसला, मधोमध लहानशी जखम. चिमट्यानं तुकडा काढला. बायोप्सी नॉर्मल आली. घरात आनंदीआनंद, नणंदेनं मोबाइलवरून सगळ्यांना कळवूनसुद्धा टाकलं. डॉक्टरांचा चेहरा मात्र बदलला नाही. चिमट्याला अस्तर लागतं, अस्तराखालचं लागत नाही, असं ते म्हणाले. सीटी स्कॅनमध्ये मग बाकीचं दिसलं. आत जे दिसत होतं ते टोक. अकरा सेंटिमीटरची गाठ जठराच्या बाहेरच्या अंगाला वाढली होती. अकरा सेंटिमीटर म्हणजे किती, हे मी पट्टीवर पाहिलं. पाहायला नको होतं.

ऑपरेशन सोलापुरातच झालं. सर्जननी दोन गोष्टी आधी समजावून सांगितल्या, त्या मला आजही महत्त्वाच्या वाटतात. एक, ही गाठ ठिसूळ असते. फुटली आणि पोटात सांडली तर आजार परत येण्याचा धोका फार वाढतो, म्हणून मोठ्या गाठीला दुर्बिणीतून काढण्याचा हट्ट धरायचा नाही. दुसरं, हा आजार लसिकाग्रंथींमध्ये सहसा जात नाही, म्हणून त्या खरवडून काढायची गरज नसते. पसरलाच तर यकृतात जातो, नाहीतर पोटाच्या पडद्यावर. जठराचा मोठा भाग गेला. गाठ अखंड निघाली.

मग पॅथॉलॉजीचा रिपोर्ट. तुकड्यांवर सीडी११७ आणि डॉग-वन नावाच्या रंगचाचण्या करतात. दोन्ही पॉझिटिव्ह आल्या. डॉग-वन हे नाव ऐकून भाचा हसला, त्या दिवशी घरात हसलेला तो एकटाच. धोका किती हे तीन गोष्टींवरून ठरतं: गाठीचा आकार, ती कुठं होती, आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठरावीक क्षेत्रात किती पेशी विभागताना दिसतात. माझ्या पहिल्या आणि तिसऱ्या उत्तरानं मला 'हाय रिस्क' या रकान्यात नेऊन बसवलं. आयुष्यभर मुलांना रकाने आखून दिले, आता आपण एका रकान्यात.

जनुकाची तपासणी मुंबईत करून घ्यायची ठरली. मेणात बसवलेला गाठीचा तुकडा, ज्याला सगळे ब्लॉक म्हणतात, तो प्लास्टिकच्या डबीत घालून यांनी शर्टाच्या आतल्या खिशात ठेवला आणि आम्ही सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं निघालो. रात्रभर यांचा हात खिशावर. पाकीट मागच्या खिशात बिनधास्त, आणि हा हात मात्र तिथून हलत नव्हता.

परळला टाटाच्या आवारात मी पहिल्यांदा पाहिलं की आजार दिसतो म्हणजे काय. मास्क लावलेली, केस गेलेली लहान पोरं, फायली उराशी धरून जिन्यावर बसलेली माणसं, फुटपाथवर पथाऱ्या. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरलेली एक बिहारची बाई माझ्या शेजारी बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, माझ्या तेल लावलेल्या वेणीकडे पाहिलं, आणि विचारलं, "किसके साथ आयी हो, दीदी?" मीच पेशंट आहे म्हटल्यावर तिला ते पटलं नसावं. थोड्या वेळानं तिनं यांच्याकडे पाहून सहानुभूतीनं मान हलवली. तिच्या हिशेबानं पेशंट तेच होते. रात्रभर न झोपलेल्या माणसाचा चेहरा तसाच दिसतो.

रिपोर्ट आला: किट जनुक, एक्सॉन ११, म्हणजे जनुकाच्या अकराव्या तुकड्यात बिघाड. डॉक्टर म्हणाल्या, "हा बरा." बिघाडातही बरावाईट असतो हे मला नवीन होतं. एक्सॉन ११ चा बिघाड सगळ्यांत जास्त आढळतो आणि ४०० मिलिग्रॅमला चांगली दाद देतो. एक्सॉन ९ असता तर पसरलेल्या आजारात दुप्पट डोस द्यायचा विचार करतात. आणि किटऐवजी पीडीजीएफआरए नावाच्या जनुकात डी८४२व्ही हा बदल असता तर ही गोळी घेऊन उपयोगच नसतो. त्यासाठी अव्हाप्रिटिनिब हे वेगळं औषध २०२० मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. म्हणून ही तपासणी न करता गोळी सुरू करणं मला पटत नाही. खर्च होतो, खरं आहे. पण कुलूप कोणतं ते न बघता किल्ल्या विकत घेण्यात काय शहाणपण?

मी जीवशास्त्र शिकवायची. अन्न पुढं सरकतं ते आतड्याच्या भिंतीच्या लाटांनी, हे फळ्यावर कितीदा काढलं असेल. पण या लाटांचा ताल धरणाऱ्या वेगळ्या पेशी तिथं असतात, हे आमच्या पुस्तकात नव्हतं. सांतियागो रामोन इ काहाल या स्पॅनिश शास्त्रज्ञानं त्या पेशी पाहिल्या, त्यांची चित्रं काढली. मज्जासंस्थेवरच्या कामासाठी त्याला १९०६ चं नोबेल मिळालं, गॉल्जीबरोबर वाटून. आतड्यातल्या त्या पेशी आजही काहालच्या नावानं ओळखल्या जातात आणि जिस्ट त्यांच्यापासून, किंवा त्यांच्या पूर्वज पेशींपासून होतो असं मानतात. म्हणजे माझ्या पोटाचा ताल धरणाऱ्यांपैकीच कोणीतरी बिघडलं होतं.

बिघडलं म्हणजे काय, हे यांना समजावताना मला खरी कसोटी वाटली. यांचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा छोटा कारखाना आहे. रसायनशास्त्राशी संबंध रंगाच्या बिलापुरता. मी म्हटलं, पेशीच्या कातडीवर किट हे प्रथिन बसलेलं असतं. बाहेरून निरोप आला की ते चालू होतं, पेशीला वाढ म्हणून सांगतं, निरोप संपला की बंद होतं. माझ्या पेशींत ते निरोप नसतानाही चालूच राहतं. यांनी क्षणभर विचार केला.

"म्हंजे मागाचा स्टार्टर अडकला."

"हो."

"आन् गोळी?"

"गोळी त्याची वीज तोडते. प्रथिनाला ऊर्जा जिथून मिळते त्या खाचेत जाऊन बसते."

"माग तिथंच राहतो?"

"तिथंच राहतो."

"मग गोळी बंद केली की?"

हा प्रश्न यांनी पहिल्याच दिवशी विचारला होता. त्याचं उत्तर मिळायला पाच वर्षं लागली.

हे सगळं किती अलीकडचं आहे याची मला नेहमी धास्ती वाटते. फार काळ या गाठींना स्नायूंचीच गाठ समजत आणि त्या नावाखाली त्या खपून जात. नेहमीची केमो चालायची नाही, रेडिएशनचा फारसा उपयोग नसायचा. १९९८ मध्ये जपानमधल्या हिरोता आणि सहकाऱ्यांनी या गाठींत किट जनुकाचा बिघाड दाखवून दिला. तेव्हा रक्ताच्या एका कॅन्सरसाठी इमॅटिनिबच्या चाचण्या चालू होत्या, आणि ते औषध किटलाही अडवतं हे कळलं होतं. मार्च २००० मध्ये हेलसिंकीत हेइक्की योएन्सू या डॉक्टरांनी सगळे उपाय थकलेल्या एका बाईला ते दिलं. गाठी विझू लागल्या. २००२ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत जिस्टसाठी त्याला मंजुरीही मिळाली. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी मला हा आजार झाला असता तर त्याला धड नाव मिळालं नसतं, आणि मला औषध.

आणि आणखी एक तारीख, जी आमच्या घरात मी सणाच्या तारखेसारखी सांगते: १ एप्रिल २०१३. मूळ कंपनीला, म्हणजे नोव्हार्टिसला, इमॅटिनिबच्या एका विशिष्ट स्फटिकरूपासाठी भारतात पेटंट हवं होतं. चेन्नईच्या पेटंट कार्यालयानं २००६ मध्ये ते नाकारलं होतं; लढत लढत प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना देसाई यांच्या खंडपीठानं पेटंट कायद्याच्या कलम ३(डी) वर बोट ठेवलं: जुन्याच औषधाचं नवं रूप, पण त्यानं गुण जास्त येतो हे सिद्ध झालेलं नाही, तर पेटंट नाही. मूळ कंपनीच्या औषधाचा महिन्याचा खर्च तेव्हा लाख-सव्वा लाखाच्या घरात होता. भारतीय कंपन्यांची तीच गोळी आठ-दहा हजारांत मिळत होती. मूळ कंपनी अनेकांना औषध फुकटही देत असे, तेही नोंदवायला हवं. पण दानाच्या भरवशावर रोज गोळी घेणं आणि चौकातल्या मेडिकलमधून विकत घेणं यात फरक आहे. आज माझ्या महिन्याच्या गोळ्या आमच्या किराण्याच्या बिलापेक्षा स्वस्त पडतात. नातेवाईक म्हणतात, सिद्धेश्वराची कृपा. असेलही. मी त्यात कलम ३(डी) ची भर घालते, तेव्हा कोणी काही बोलत नाही.

ऑपरेशननंतर तीन वर्षं गोळी घ्यायची होती. तीन हा आकडा कुठून आला, तर स्कँडिनेव्हिया आणि जर्मनीत झालेल्या एका चाचणीतून: धोका जास्त असलेल्यांना एक वर्षाऐवजी तीन वर्षं गोळी दिली तर आजार उशिरा परततो, माणसं जास्त जगतात, हे २०१२ मध्ये छापून आलं. तीन वर्षं झाली. गोळी थांबली. पेढे वाटले. पापण्यांची सूज उतरली, रंग परत आला, आणि गंमत म्हणजे तेव्हा सगळे विचारू लागले, "काय बाई, बरं नाही का? काळवंडलात." मी ठणठणीत होते.

दीड-दोन वर्षांनी सीटीत यकृतावर तीन ठिपके दिसले. यांनी रिपोर्ट वाचला नाही, माझ्याकडे पाहिलं फक्त. पहिल्या दिवशीचा प्रश्न दोघांनाही आठवत होता. वीज आली होती.

गोळी परत सुरू झाली. या वेळी मुदत नाही. पसरलेल्या आजारात गोळी मधेच थांबवली तर बहुतेकांत आजार पुन्हा डोकं वर काढतो, असं फ्रान्समधल्या चाचणीत दिसलेलं आहे. म्हणून जोवर काम करते आणि झेपते तोवर घ्यायची. बऱ्याच जणांत दोनेक वर्षांनी आजार नवी पळवाट शोधतो. मोजक्या काही जणांना दहा वर्षांहूनही जास्त काळ हीच गोळी पुरते. ती थकली तर सुनिटिनिब, मग रेगोराफेनिब, मग रिप्रेटिनिब, अशी पुढची रांग आहे, आणि पुढच्या औषधांचा त्रास आणि खर्च दोन्ही वाढत जातात. मी या रांगेचा विचार महिन्यातून एकदा करते. रोज करून पाहिला होता, जमत नाही.

गोळी परत सुरू झाल्यावरच्या पहिल्या सीटीनं आम्हाला हादरवलं. रिपोर्टात लिहिलं होतं की एक ठिपका आधीपेक्षा मोठा झालाय. केंद्रावरून घरी येईपर्यंत यांनी रिक्षात एक शब्द काढला नाही. सात रस्त्याला सिग्नलवर रिक्षा थांबली होती तेव्हा मला वाटलं, आता शाळेतल्या कपाटाच्या किल्ल्या कोणाकडे द्यायच्या ते ठरवायला हवं. निवृत्त होऊन वर्ष झालं होतं, किल्ल्या केव्हाच दिल्या होत्या.

डॉक्टरांनी प्लेट प्रकाशासमोर धरली आणि रिपोर्टातला दुसराच आकडा दाखवला: घनता. तो ठिपका आधी भरीव होता, आता पातळ, पाणचट दिसत होता. जिस्टमध्ये गोळी लागू पडली की गाठ आतून मरते, तिच्यात द्रव भरतो, कधी थोडी फुगतेही. म्हणून फक्त आकार मोजला तर बरी होणारी गाठ वाढलेली वाटते. ह्यूस्टनच्या डॉ. चोई यांनी यासाठी वेगळे निकष मांडले: आकार दहा टक्के घटला किंवा घनता पंधरा टक्के घटली, तरी प्रतिसाद आहे असं धरायचं. त्या दिवसापासून मी सीटीच्या केंद्रावर फाइलवर मोठ्या अक्षरांत लिहून देते: जिस्ट, इमॅटिनिब चालू, घनता मोजावी. केंद्रातला मुलगा पहिल्यांदा वैतागला. आता मी गेले की स्वतःच म्हणतो, "बाई, डेन्सिटी लिवायला सांगितलंय मी सरांना."

रोजच्या जगण्याविषयी लोक विचारतात तेव्हा काय सांगावं कळत नाही, कारण ते बहुतेक पोटऱ्यांविषयी आहे. रात्री अडीच-तीनला पोटरीत गोळा येतो आणि मी पलंगावरून उतरून भिंतीला तळवे टेकून उभी राहते. ज्या दिवशी नळाला पाणी यायचं असतं त्या पहाटे तरी मी जागीच असते, हे आमच्या गल्लीत फार उपयोगी पडलंय. मोटर लावायला मीच सगळ्यांना उठवते. जठर लहान झाल्यामुळे पोटभर जेवण हा प्रकार संपला. कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी एका बैठकीत अर्धी, मग दोन तासांनी उरलेली अर्धी. चटणीवर तेल जरा कमी, एवढीच तडजोड. हुरड्याला मी अजून जाते, चार घास खाते आणि बाकीच्या वेळात दुसऱ्यांचं खाणं बघते, जे वाईट नाही. गोळी रिकाम्या पोटी घेतली की उलटी ठरलेली. भरल्या पोटी, मोठा पेलाभर पाणी, मग लगेच आडवं व्हायचं नाही. उन्हाळ्यात मात्र परीक्षा असते. पारा बेचाळीसच्या पुढं गेला, त्यात गोळीनं जुलाब झाले, की अंगातलं मीठपाणी दोन्हीकडून जातं. एप्रिल-मेमध्ये आमच्या फ्रिजमध्ये लिंबू-मीठ-साखरेच्या पाण्याची बाटली कायम भरलेली असते आणि ती दुसऱ्या कोणी प्यायची नाही असा माझा फतवा आहे.

काढे येतात. गुळवेलीचा, कोरफडीचा, अमुक बाबाच्या पुडीचा. पाठवणाऱ्याचा जीव तुटत असतो, म्हणून मी घेते, आभार मानते आणि कुंडीत ओतते. ही गोळी यकृतातूनच पचून जाते; तिच्यासोबत काय घ्यायचं, अगदी तापाची साधी गोळीसुद्धा, ते विचारल्याशिवाय नाही. कुंडीतली तुळस मात्र चांगली वाढली आहे.

सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत यंदा नंदीध्वज, म्हणजे त्या उंच सजवलेल्या काठ्या, बघायला गेले होते, संमती कट्ट्याजवळ, अक्षता सोहळ्याला. तिथं लाखाच्या गर्दीत उभी असताना डोक्यात मास्तरकीचा जुना किडा वळवळला. युरोपातल्या नोंदींवरून जिस्ट वर्षाला दर दहा लाखांमागं दहा ते पंधरा जणांना होतो. आपल्याकडेही तेच प्रमाण धरलं, आणि २०११ च्या जनगणनेतली सोलापूर जिल्ह्याची त्रेचाळीस लाख लोकसंख्या घेतली, तर दरवर्षी जिल्ह्यात त्रेचाळीस ते पासष्ट नवे पेशंट व्हायला हवेत. वर्षानुवर्षांचे मिळून कितीतरी. मग ते आहेत कुठं? मला एकही भेटला नव्हता. आमच्याच जिल्ह्यात, बार्शीला, १९८७ पासून खेड्यापाड्यातल्या कॅन्सरची नोंद ठेवणारी नोंदवही आहे, देशातली ग्रामीण भागातली पहिली. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरबद्दल इथल्या बायकांना थोडंफार माहीत आहे ते अशा कामामुळं. पण हा आजार मोजायचा तर आधी ओळखू यायला हवा. कोणाचं हिमोग्लोबिन कमी म्हणून लोहाच्या गोळ्या चालू असतील. कोणाच्या रिपोर्टावर रंगचाचणी न करताच स्नायूची गाठ असं लिहिलं गेलं असेल. आणि पन्नाशीनंतरच्या अनेकांच्या जठरात याचा राईएवढा दाणा असतो, जो सहसा वाढत नाही, हे शवविच्छेदनांत दिसलेलं आहे. म्हणजे त्या गर्दीत माझ्या आजूबाजूला काठ्या बघत उभ्या असलेल्या कितीतरी जणांच्या पोटात तो असणार, आणि त्यांना तो कळायचंही कारण नाही. दुर्मीळ या शब्दावरचा माझा विश्वास तिथं जरा उडाला.

गड्डा संपल्यावर थोड्याच दिवसांत फोन आला. मेडिकलवाल्यानं माझी परवानगी विचारूनच नंबर दिला होता. पलीकडे अक्कलकोटच्या बाजूचा रिक्षावाला होता, चाळिशीतला, लहान आतड्यातला जिस्ट, नुकतीच गोळी सुरू झालेली. आवाजात कन्नडचा हेल. त्याला पहिल्यांदा विचारायचं होतं ते हे, की मी खरोखर आहे का. कारण त्याला कोणीतरी सांगितलं होतं की असा आजार लाखात एकाला होतो, आणि त्यानं मानलं होतं की या लाखातला तो एक आपणच.

मग बाकीचे प्रश्न. केस जाणार का? नाही. बायकोला लागण होईल का? नाही. पोरांना? बहुतेक वेळा हा बिघाड त्या एका गाठीपुरताच असतो, घराण्यातून येणं फार क्वचित, तरी डॉक्टरांना विचारून घ्या. गोळी ताकाबरोबर चालेल का? ताक जेवणात प्या, गोळी पाण्याबरोबर. तपासणी केलीय का, कोणता एक्सॉन? त्याला माहीत नव्हतं. फाइल वाचून दाखवा म्हटलं. त्याची नववीतली पोरगी फोनवर आली आणि इंग्रजी रिपोर्ट अडखळत, पण एकेक अक्षर नीट वाचू लागली. सीडी११७ पॉझिटिव्ह. डॉग-वन पॉझिटिव्ह. जनुकतपासणीचा कागद फाइलीत नव्हता. ऑपरेशन झालं त्या ठिकाणी ब्लॉक मागा, तो तुमचाच आहे, असं मी तिला दोनदा लिहून घ्यायला लावलं.

"बाई, म्या गाडी मारू शकतो का?" त्यानं शेवटी विचारलं. खरा प्रश्न हाच होता, बाकीचे त्याच्या वाटेवरचे. मी म्हटलं, डॉक्टरांना विचारा. पण पोटरीत गोळे येत असतील तर तूर्त लांबच्या खेपा दुसऱ्याला द्या, गावातल्या मारा. "तुळजापूरची खेपच पैसे देती," तो म्हणाला, आणि आम्ही दोघंही थोडा वेळ त्या हिशेबात बसलो.

ब्लॉक मिळालाय. पुढच्या महिन्यात मुंबईला माझी तपासणी आहे तेव्हा त्याचीही फाइल बरोबर न्यायची ठरलंय, तो आणि त्याची पोरगी, आम्ही दोघं, एकाच गाडीनं. तिकिटं तो काढणार आहे. मला रात्री पोटऱ्यांसाठी उठावं लागतं, म्हणून खालचा बर्थ हवा, हे त्याला दोनदा सांगून झालंय.